निरोगी हातांना पट्टी

एकदा एका घाटाच्या पायथ्याशी, जिथे बैलांचे तांडे उतरून बंदराची वाट धरत, तिथे एक वृद्ध वैद्य औषधशाळा चालवीत असत. त्यांचे नाव घेण्याचे धाडस कोणी करीत नसे. लहानथोर सारे त्यांना आचार्यच म्हणत. औषधशाळेला लागून रुग्णशाळा होती. शिक्षण पुरे झाले की शिष्य आपापल्या गावी जात. पण ज्याच्यात काही विशेष दिसे त्याला आचार्य आणखी काही वर्षे ठेवून घेत. अशा शिष्याला निवासी म्हणत. निवाशाने औषधे सिद्ध करावीत, रोग्यांपाशी बसावे आणि नव्या शिष्यांना शिकवावे, असा तिथला शिरस्ता होता. यातल्या शेवटच्या कामाचा मात्र फारसा विचार कोणी केलेला नव्हता. ज्याला येते त्याला शिकवताही येते, असेच सगळे धरून चालत.

त्या काळी विश्वंभर नावाचा तरुण तिथे निवासी होता. त्याच्या हाताला यश होते. काढ्याच्या नुसत्या वासावरून भांडे कधी उतरवायचे ते त्याला कळे. रोगी आपले गाऱ्हाणे सांगून संपवायच्या आत त्याच्या मनात औषध ठरलेले असे. स्वभावाने तो दुष्ट नव्हता, कोणाला तुच्छ लेखणाराही नव्हता. फक्त त्याला धीर नव्हता. शिकणाऱ्याचा हात जरा अडखळला, की तो म्हणे, "सरक, बघ असं," आणि खल स्वतःकडे ओढून घेई. मग त्याचे हात असे काही चालत, की शिष्य भोवती उभे राहून कौतुकाने पाहत राहत. रुग्णशाळेतही तेच. तो खाटेशी वाकून रोग्याशी बोले, नाडी पाही, औषध सांगे. मागे उभ्या असलेल्या शिष्यांना त्याची पाठ तेवढी दिसे.

त्याच्या वर्गातले औषध कधी बिघडत नसे, आणि त्यामुळे विश्वंभर उत्तम शिकवतो अशी त्याची ख्याती झाली होती.

वैशाखात एक दिवस बंदरावरचा एक सुपारीचा व्यापारी आचार्यांकडे आला. त्याचा भाऊ याच रुग्णशाळेतून बरा होऊन घरी गेला होता. ते उपकार स्मरून शेटजींनी बंदरावर औषधशाळा बांधली होती. इमारत उभी राहिली होती, शिकायला माणसे तयार होती, फक्त शिकवणारा हवा होता. बोलता बोलता शेटजींनी विश्वंभराकडे पाहिले, आणि विश्वंभराचा ऊर भरून आला. आचार्य आता आपले नाव घेणार, याविषयी त्याला शंका नव्हती.

आचार्य म्हणाले, "उद्या सांगतो."

त्या दुपारी ते विश्वंभराला घेऊन रुग्णशाळेत बसले. जाण्यापूर्वी त्यांनी औषधशाळेतल्या शिष्यांना ज्वरगुटी करायला सांगितली. ही तापावरची गुटी त्या भागात फार चालत असे, आणि विश्वंभराने ती शिष्यांसमोर कितीतरी वेळा केलेली होती. गुळवेलीचा काढा आटवून घट्ट करायचा, त्यात सुंठ, मिरी आणि शुद्ध केलेल्या बचनागाची अगदी थोडी पूड घालून खलायचे, आणि गुट्या वळायच्या.

संध्याकाळी आचार्यांनी ताटे मागवली. रखमा नावाची एक बुरुडाची मुलगी शिकायला होती. तिचा काढा भांड्याच्या बुडाला करपला होता. नागेश म्हणून एक उतावळा, पण हुशार तरुण होता. त्याने काढा फार लवकर उतरवला होता, त्यामुळे त्याच्या गुट्या ताटात बसून चपट्या झाल्या होत्या. आणखी कोणाच्या दगडासारख्या कडक, कोणाच्या वळल्याच गेल्या नव्हत्या. आचार्यांनी ती सारी ताटे विश्वंभरापुढे मांडली.

विश्वंभराने एकवार पाहिले. त्याला वाईट वाटले, पण त्या वाईट वाटण्यात थोडे समाधानही होते. तो म्हणाला, "मी नव्हतो ना आज."

"हो," आचार्य म्हणाले, "तू नव्हतास."

दुसऱ्या दिवशी त्यांनी शेटजींना नारळी पौर्णिमेनंतर, होड्या पुन्हा सुटल्या की येण्यास सांगितले. शेटजी खट्टू होऊन परतले. विश्वंभर तर आतल्या आत जळून गेला.

त्याच सकाळी आचार्यांनी त्याला बोलावले. त्यांच्यापुढे हळदीचा लेप कालवलेला होता आणि धुतलेल्या कापडाच्या पट्ट्या होत्या. ते म्हणाले, "हात पुढे कर."

विश्वंभराने हात पुढे केले. आचार्यांनी त्याच्या दोन्ही तळहातांना लेप लावला आणि बोटांच्या टोकांपासून मनगटापर्यंत दोन्ही हात घट्ट बांधून टाकले.

"माझ्या हातांना काय झालंय?" विश्वंभराने विचारले.

"काही नाही. हात निरोगी आहेत. औषधशाळेत आणि रुग्णशाळेत ही पट्टी राहील. जेवायच्या वेळी सोडायची. रोज सकाळी रखमा बांधून देईल. शिकवायचं मात्र एक दिवसही थांबायचं नाही."

"आणि कधीपर्यंत?"

"ते तुझ्या हातांना विचारून ठरवू," आचार्य म्हणाले आणि दुसऱ्या रोग्याकडे वळले.

ही शिक्षा आहे, असे विश्वंभराच्या मनाने घेतले. कोणत्या अपराधाची, ते मात्र त्याला कळेना. सगळ्यांदेखत रखमाकडून हात बांधून घ्यायचे, येणाऱ्याजाणाऱ्याने काय झाले म्हणून विचारायचे, आणि आपण काही झाले नाही म्हणायचे! सरळ उठून बंदराची वाट धरावी, शेटजी नाही म्हणायचे नाहीत, असे त्याच्या मनात आले. पण ज्या गुरूने आपल्याला घडवले त्याच्या आज्ञेबाहेर जाणे त्याला जमले नाही. तो राहिला, पण रुसून राहिला.

पहिले काही दिवस फार वाईट गेले. चुलीवर काढा असे, रखमा ढवळत असे, आणि विश्वंभर दोन पांढरे गोळे छातीशी धरून उभा असे. "अगं, तसं नाही, असं," तो म्हणे. पण असं म्हणजे कसं, ते दाखवायला हातच नव्हते. रखमा घाबरून त्याच्याकडे पाहत राही आणि काढा बुडाला लागे. "आता उतरव," म्हटले की ती उतरवी. पण आताच का, असे तिने एकदा विचारले, तेव्हा विश्वंभराच्या तोंडून, "कळतं ते," एवढेच निघाले. बोलून झाल्यावर त्याचे त्यालाच खटकले. इतकी वर्षे आपण हे करतो, आणि आपल्याला ते सांगता येत नाही!

त्या दिवशी तो चुलीजवळ बसून राहिला आणि आपल्याला नेमके काय कळते, ते आपल्याच मनाशी शोधू लागला. आधी काढा मोठ्याने खदखदतो. मग बुडबुडे बारीक होतात आणि आवाज खाली बसतो. तेव्हा जाळ कमी करायचा. मग ढवळताना भांड्याचे बूड क्षणभर उघडे दिसते. थेंब गार पाण्यात टाकला तर पसरत नाही, खाली जाऊन बसतो. चिमटीत दाबला तर बोटांच्या रेघा त्यावर उमटतात. त्याने हे एकेक करून शिष्यांना सांगितले आणि प्रत्येकाला आपापल्या चिमटीत दाबून पाहायला लावले. नागेश आपल्या बोटाच्या रेघा त्या काळ्या गोळ्यावर पाहून लहान मुलासारखा हसला.

हात मोकळे नसल्यामुळे विश्वंभराचे डोळे मात्र मोकळे झाले होते. आणखी काही दिवसांनी त्याच्या लक्षात आले, की रखमा डावरी आहे. वर्षभर ती त्याच्यासमोर काम करीत होती आणि त्याला ते दिसले नव्हते. कारण तिने पळी उचलली की तो ती काढून घेई आणि उजव्या हाताने ढवळून दाखवी. ती मग त्याच्यासारखे करायला जाई आणि तिचा हात अवघडे. त्याने तिला चुलीच्या दुसऱ्या बाजूला बसवले आणि डाव्या हाताने ढवळायला सांगितले. त्या दिवसापासून तिचा काढा करपला नाही.

"आधी सांगितलं का नाहीस?" त्याने विचारले.

"दादा, तुम्ही विचारलं नाही," ती साधेपणाने म्हणाली.

एका सकाळी नागेश गुटीची पूड करायला बसला होता. बचनाग हे विषच. शुद्ध केल्यावाचून ते पोटात जाता कामा नये. म्हणून शुद्ध केलेला आणि कच्चा, अशा दोन बरण्या वेगवेगळ्या फळ्यांवर ठेवलेल्या असत. बोलण्याच्या नादात नागेशाने चुकीच्या फळीवरची बरणी काढली. विश्वंभराने ते पाहिले. पूर्वीचा विश्वंभर असता तर त्याने झडप घालून बरणी हिसकावली असती. आता हिसकावायला हात नव्हते. त्याने आवाज चढवला नाही, म्हणाला, "नागेश, हात थांबव. हातात काय आहे, ते मला सांग."

नागेश थांबला. त्याने बरणीत पाहिले, फळीकडे पाहिले, आणि त्याचा चेहरा उतरला. कच्चा आणि शुद्ध तुकडा शेजारी शेजारी ठेवून त्याने स्वतःच दोन्हींतला फरक सांगितला. पुढे बरणी उघडण्यापूर्वी आपल्याशीच मोठ्याने नाव उच्चारायची त्याला सवय लागली, आणि त्याचे पाहून सगळ्यांनाच लागली.

रुग्णशाळेत आता खाटेशी शिष्य बसत आणि विश्वंभर त्यांच्या मागे उभा राही. तिथे एक म्हातारा तेली होता. त्याच्या पायांची सूज काही केल्या उतरत नव्हती. चूर्ण दुधातून घ्या, असे विश्वंभराने त्याला अनेकदा बजावले होते, आणि दर वेळी म्हाताऱ्याने मान डोलावली होती. विश्वंभराने यावेळी नागेशाला पुढे बसवून सांगितले होते, की काही सांगू नकोस, आधी विचार. नागेशाने विचारले, "आजोबा, औषध कसं घेता, मला करून दाखवता का?"

म्हाताऱ्याने इकडेतिकडे पाहिले आणि चूर्ण ताकाच्या भांड्यात टाकले. घरी एकच शेळी होती आणि तिचे दूध नातीला लागे. रुग्णशाळेतही तो आपल्या वाटणीचे दूध भेटायला येणाऱ्या नातीला पाजत असे. सांगायची लाज वाटे, म्हणून तो मान डोलवी. नागेशाने आचार्यांना विचारून गरम पाण्यातून घेण्याजोगे दुसरे चूर्ण दिले. सूज उतरू लागली. त्या रात्री विश्वंभराला जेवण गेले नाही. आपण इतके दिवस त्या माणसाला सांगत होतो, त्याच्याशी बोललो मात्र कधीच नव्हतो, हे त्याला कळून चुकले होते.

श्रावण लागायच्या सुमारास एक दिवस रखमा पट्ट्या घेऊन आली, तेव्हा आचार्य म्हणाले, "आज राहू दे." विश्वंभराचे हात मोकळे झाले. गंमत अशी, की त्या दिवशी तो चुलीजवळ उभा राहिला तो हात पाठीमागे बांधूनच. कोणी त्याला तसे सांगितले नव्हते.

नारळी पौर्णिमा झाली, होड्या सुटल्या. पण शेटजी आले नाहीत, कारण घाटवाटेवर तापाची साथ पसरली. बैलांच्या तांड्यांचा तळ, नदीपलीकडचे गाव आणि घाटमाथ्यावरचा धनगरवाडा, तिन्ही ठिकाणी माणसे धडाधड आजारी पडू लागली. पूर्वी अशी वेळ आली की सगळे विश्वंभराची वाट पाहत. पण एक माणूस तीन ठिकाणी कसा असणार? आचार्य रुग्णशाळा सोडू शकत नव्हते. विचार करून त्यांनी नागेशाला तांड्याच्या तळावर पाठवले, रखमाला नदीपलीकडे, आणि चढण अवघड म्हणून विश्वंभर धनगरवाड्यावर गेला. निघताना त्याने रखमाला एकही सूचना केली नाही. ओठांवर पुष्कळ आल्या होत्या. पण त्याने फक्त तिला काय काय बरोबर घेतले ते विचारले, आणि तिने सांगितले ते बरोबर होते.

धनगरवाड्यावर त्याने झोपडीझोपडीत जाऊन औषध दिले. माणसे सावरू लागली. पण नेलेल्या गुट्या संपत आल्या, आणि नेमका तेव्हाच विश्वंभर स्वतः तापाने पडला. अंग फणफणले. खल समोर होता, गुळवेल जाळीत हवी तेवढी होती. पण ज्या हातांचा त्याला अभिमान होता त्यांना पाण्याचा वाडगासुद्धा पेलवेना. वाड्यावरचा एक धनगर काठी घेऊन घाट उतरून गेला.

तो परत आला तेव्हा त्याच्याकडे पळसाच्या पानात बांधलेल्या गुट्या होत्या. विश्वंभराने एक हातात घेतली. तापातही जुनी खोड गेली नाही; त्याने ती मोडून पाहिली. आतून रंग सारखा होता. जिभेवर ठेवली. आधी गुळवेलीचा कडवटपणा, मागून सुंठमिरीचा झणका, करपल्याचा मागमूस नाही. त्याने समाधानाने डोळे मिटले. रखमाने केलेली दिसते, तो मनाशी म्हणाला.

ताप उतरला. अंगात थोडे त्राण आल्यावर तो धनगराला म्हणाला, "रखमाच्या हातची गुटी चांगली झाली होती."

"दिली रखमाताईंनी," धनगर म्हणाला, "पण केली कुंभारणीनं. मी तिथंच बसलो होतो की."

विश्वंभराला ते खरे वाटेना. चालण्याइतपत बळ येताच तो घाट उतरून थेट नदीपलीकडच्या गावी गेला. कुंभारवाड्यात एका चुलीवर मोठे भांडे होते आणि एक कुंभारीण आपल्या जावेला ढवळायला शिकवीत होती. रखमा तिथे नव्हती. ती पलीकडच्या घरात रोग्यांपाशी होती. कुंभारीण विश्वंभराला ओळखत नव्हती. त्याने विचारले, "बाई, भांडं कधी उतरवायचं, हे तुम्हाला कसं कळतं?"

"त्यात काय," ती म्हणाली. "आधी खदखदतं. मग पुटपुटायला लागतं. मग जाळ ओढायचा. चिमटीत धरलं आन् रेघा उठल्या की उतरवायचं. बचनागाची पूड ताई स्वतः मोजून घालतात, त्याला आम्ही हात लावत नाही. आता तुम्ही जरा बाजूला व्हा बघू, उजेड अडतोय."

विश्वंभर बाजूला झाला. पुटपुटणे हा शब्द त्याचा नव्हता, कदाचित रखमाचाही नसेल. तो भिंतीला टेकून उभा राहिला. समोर जाऊबाई ढवळत होती, कुंभारीण पाहत होती, आणि त्याच्या डोळ्यांतून आनंदाने पाणी वाहत होते.

साथ ओसरली. तळावर नागेशाने काम नेटके केले होते. त्याने तर दोन बैलवाल्यांना तहान आणि तापाची लक्षणे ओळखायला शिकवून पुढच्या मुक्कामांवर धाडले होते. सगळे औषधशाळेत परतले, त्या दिवशी गावाने ढोल वाजवून त्यांना वेशीवरून आणले. रखमाला बायकांनी ओवाळले, कुंभारणीला सगळ्यांत पुढे चालवले. नागेशाच्या खांद्यावर कोणीतरी घोंगडी घातली. आचार्य दारात उभे होते. मिरवणूक पांगल्यावर ते विश्वंभराला घेऊन अंगणात बसले.

विश्वंभर म्हणाला, "आचार्य, तेव्हा मला ती शिक्षा वाटली होती."

"मला ठाऊक आहे," आचार्य म्हणाले. "तुझे हात वाईट असते तर मी ते बांधले नसते. ते फार चांगले होते, तीच अडचण होती. शिकणाऱ्याचा हात चुकतो, तिथंच त्याचं शिक्षण सुरू होतं; आणि नेमकं तिथंच तुझे हात मध्ये येत. औषध वाचे, शिष्य राहून जाई. चुकू द्यायचं, पण रोग्याला अपाय होऊ द्यायचा नाही, ही शिकवणाऱ्याची खरी कसरत आहे, आणि ती हातांनी होत नाही. डोळ्यांनी होते, कानांनी होते, आणि बरोबर वेळी विचारलेल्या प्रश्नानं होते. तुला ज्या गुटीनं उठवलं, ती करणारी बाई तू कधी पाहिलीही नव्हतीस. औषध करणारे तर मी पुष्कळ घडवले, विश्वंभरा. शिकवणारा घडवायला मला तुझे हात बांधावे लागले."

विश्वंभराने त्यांच्या पायांवर मस्तक ठेवले.

पुढच्या पंधरवड्यात शेटजी आले. साथीची हकीकत त्यांच्या कानी गेलेलीच होती. ते म्हणाले, "आचार्य, तुमच्याकडचा सगळ्यांत उत्तम औषध करणारा मला द्या."

आचार्य हसले. "तो आता कोण आहे, हे मला सांगता येणार नाही, शेटजी. इथं एकाहून एक आहेत. शिकवणारा मात्र हा आहे, याला न्या." विश्वंभराच्या जागी निवासी म्हणून त्यांनी त्याच दिवशी रखमाची नेमणूक केली.

आपल्याला जे उत्तम येते ते दुसऱ्याच्या हातात जाईपर्यंत आपण मागे उभे राहू शकलो, तर विद्या पुढे जाते. बंदरावरच्या त्या औषधशाळेतून पुढे कितीतरी औषध करणारे आणि शिकवणारे निघाले. किनाऱ्याच्या गावागावांत त्यांनी माणसे बरी केली, आणि आपापल्या परीने इतरांना शिकवले. त्यांच्यापैकी फार थोड्यांनी विश्वंभराला स्वतः गुटी वळताना पाहिले होते.